अपुऱ्या दिवसांचे गणित

१. सातव्यातले जगते, आठव्यातले नाही?

"सातव्यातलं ना? मग काळजी करू नका. आठव्यातलं असतं तर भीती होती." नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या एका अनोळखी आजींनी माझ्या आईला दिलेला हा दिलासा इतका अकृत्रिम होता, की आईने तो तत्काळ पदरी बांधून घेतला आणि पुढचे सहा आठवडे जो भेटेल त्याला "सातव्यातली आहे" असेच सांगितले. वस्तुतः माझ्या मुलीचा जन्म झाला त्या दिवशी सात महिने पुरे होऊन आठव्याचे चार दिवस उलटले होते. मी एका सहकारी बँकेत हिशेबनीस आहे. चार दिवसांची तफावत माझ्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. पण आईने ताळेबंदातून ते चार दिवस दडपले, आणि मीही त्या अफरातफरीकडे काणाडोळा केला.

अपुऱ्या दिवसांच्या मुलाविषयी आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच, आणि त्याचे उत्तर "नाही" असे आहे. समज मात्र पुरातन आहे. आठव्या महिन्यात ओज हे माता आणि गर्भ यांच्यामध्ये येरझारा घालते, म्हणून त्या महिन्यातला जन्म संकटाचा, असे चरकसंहितेत सांगितले आहे. आणि ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथसंग्रहात आठ महिन्यांच्या मुलावर स्वतंत्र निबंधच आहे. दोन दूरदूरच्या संस्कृतींना एकच भीती वाटावी ही गोष्ट कुतूहलाची असली, तरी शरीराचा व्यवहार याहून सरळ आहे: गर्भाशयात घालवलेला प्रत्येक अधिक आठवडा मुलाच्या जमेच्या बाजूस पडतो. मग सातव्या महिन्यातली धट्टीकट्टी मुले आपल्या आज्यांनी पाहिली ती कोणती? त्यांतली बरीचशी तारखेच्या चुकीची असावीत. आणि काही, लग्नानंतर बरोबर सातव्या महिन्यात जन्मलेली, पण वजनाने, केसांनी आणि रडण्याने अगदी पुऱ्या दिवसांची वाटणारी असावीत. या दुसऱ्या वर्गाविषयी आज्या मौन पाळत, आणि ते योग्यच होते.

२. दिवस कोठून मोजायचे?

"नऊ महिने नऊ दिवस" हा आपला जुना हिशेब वैद्यकाच्या हिशेबाला आश्चर्य वाटावे इतका जवळ आहे. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून चाळीस आठवडे, म्हणजे २८० दिवस, मोजतात. समजा, पाळी १ जानेवारीला आली. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की ८ ऑक्टोबर ही अपेक्षित तारीख निघते. गर्भधारणा सामान्यतः पाळीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी होते, म्हणजे ज्या पंधरवड्यात मूल अस्तित्वातच नव्हते तोही त्याच्या खात्यावर मांडला जातो. हा संकेत हिशेबाच्या दृष्टीने विचित्र खरा; पण पाळीची तारीख स्त्रीला ठाऊक असते आणि गर्भधारणेची बहुधा नसते, एवढेच त्याचे समर्थन आहे आणि ते पुरेसे आहे.

३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले मूल अकालजात समजतात. वरच्या उदाहरणात १७ सप्टेंबरच्या आधी जन्मलेले मूल या सदरात जाईल. ३२ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यानची मुले संख्येने सर्वाधिक. २८ ते ३२ मधली अधिक नाजूक. आणि २८ च्या आतली अत्यंत नाजूक. २०२० या एका वर्षात जगभर सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अशी अकाली जन्मली, त्यांतली ३० लाखांवर भारतात. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आपण एकट्याच बसलो आहोत असे ज्या बाईला वाटते, तिने ही संख्या एकदा मनाशी उच्चारावी.

३. रिठ्याचे पाणी

पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी, वाईला, आले होते. डोहाळजेवण रविवारी ठरले होते. बुधवारी सकाळी डोके असह्य दुखू लागले, पायांवर आणि चेहऱ्यावर सूज आली, आणि रक्तदाब १७०/११० भरला. लघवीत प्रथिने सापडली. या अवस्थेला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. तिचे मूळ वार आणि तिच्या रक्तवाहिन्या नीट न रुजण्यात असते, आणि तिच्यावर अखेरचा उपाय एकच, तो म्हणजे प्रसूती. पुण्याला पाठवण्यापूर्वी वाईच्या डॉक्टरांनी मला एक इंजेक्शन दिले आणि "हे तुमच्यासाठी नाही, बाळाच्या फुफ्फुसांसाठी आहे," असे सांगितले. खंबाटकीच्या बोगद्यातून रुग्णवाहिका जात असता ते वाक्य मी मनात घोळवत होते, आणि त्याचा अर्थ मला मुळीच कळला नव्हता.

अर्थ असा. आपल्या फुफ्फुसांत हवेचे कोट्यवधी सूक्ष्म कोश असतात आणि ते आतून ओलसर असतात. भाजीवाल्याकडची पातळ पिशवी ओली झाली की तिच्या दोन बाजू एकमेकींना अशा चिकटतात, की तोंड उघडता उघडत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाची ओढच तशी असते. प्रत्येक श्वास सोडल्यावर हे कोश तसेच मिटून चिकटले, तर पुढचा श्वास घेताना ते नव्याने फाकवण्यात मुलाची सारी शक्ती खर्ची पडेल. हे टळावे म्हणून फुफ्फुसे स्वतःच एक स्निग्ध द्रव्य तयार करतात, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. रिठ्याच्या पाण्याने जसा फेस टिकून राहतो, तसे या द्रव्याने कोश फुललेले राहतात. ते साधारण चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागते, पण पुरेसे साठते ते चौतीस-पस्तिसाव्या आठवड्याच्या आसपास. एकतिसाव्या आठवड्यातले मूल जन्मते तेव्हा त्याच्या पदरी हे रिठ्याचे पाणी थोडे असते, पण पुरेसे नसते.

अकाली मुलांची फुफ्फुसे मिटतात ती याच द्रव्याच्या अभावी, हे अमेरिकेतील डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ साली दाखवून दिले. पण रोगाचे कारण कळणे आणि उपाय हाती येणे यांत किती अंतर असते, याचा दाखला १९६३ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या जगाने पाहिला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन २ किलो १०० ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे माझ्या मुलीपेक्षा तो जवळजवळ पाऊण शेराने जड. आणि दोन दिवसांत तो याच विकाराने गेला. जगातील सर्वांत सामर्थ्यवान मनुष्याच्या घरी जे मूल वाचू शकले नाही, त्याहून हलके मूल आज एका हिशेबनिसाच्या घरी रांगते आहे, आणि याचे श्रेय बरेचसे मेंढ्यांकडे जाते. न्यूझीलंडचे डॉ. ग्रॅहॅम लिगिन्स प्रसूती कशी सुरू होते याचा शोध मेंढ्यांवर घेत असता त्यांना असे दिसले, की स्टेरॉइड दिलेले एक कोकरू इतके अकाली जन्मूनही श्वास घेत होते. ते इतके अपुरे होते, की जगायलाच नको होते. लिगिन्स आणि त्यांचे सहकारी रॉस हाउवी यांनी १९७२ साली हेच मातांच्या बाबतीत सिद्ध केले: प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइड दिले तर मुलाची फुफ्फुसे घाईने परिपक्व होतात. पुढे १९८० मध्ये जपानचे डॉ. फुजिवारा यांनी गायीच्या फुफ्फुसांतून काढलेले सर्फॅक्टंट थेट मुलांच्या श्वासनलिकेत घातले. वाईला मला मिळाले ते इंजेक्शन अशाच एका स्टेरॉइडचे, डेक्सामेथासोनचे. बारा-बारा तासांच्या अंतराने अशी चार द्यायची असतात, औषध स्वस्त आणि जुने आहे. चौथे मिळाल्यावर शुक्रवारी शस्त्रक्रिया करून मुलीला बाहेर काढले. वजन १,४२० ग्रॅम.

४. बशीतला चहा

दुसरा प्रश्न लोक विचारतात तो "काचेच्या पेटीत कशाला?" असा. कपातला चहा बशीत ओतला की तो झटकन निवतो, कारण चहा तेवढाच राहतो पण उघडा पृष्ठभाग वाढतो. लहान मूल हा बशीतला चहा आहे: वजनाच्या मानाने त्वचा पुष्कळ, ती पातळ, आणि तिच्याखाली उबेसाठी साठवलेली चरबी जवळजवळ नाही. आपल्या पणज्या अशा मुलाला कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवीत, त्यामागचे शास्त्र बिनचूक होते. चुलीला आच नेमकी ठेवता येत नसे, एवढेच. पॅरिसचे डॉ. तार्निए यांनी कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहून १८८० च्या सुमारास मुलांसाठी तशी पेटी करवून घेतली, तेव्हापासून हा उपाय रूढ झाला.

परंतु या विषयातील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट पेट्यांच्या टंचाईतून निघाली. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या होत्या, एकेका पेटीत एकाहून अधिक मुले ठेवावी लागत आणि जंतुसंसर्ग पसरत असे. त्यांनी मुलांना आयांच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उभे बांधून ठेवण्यास सांगितले. कांगारूची पिल्ले पिशवीत वाढतात, म्हणून या पद्धतीला कांगारू मातृ-शुश्रूषा असे नाव पडले. दरिद्री रुग्णालयाची ही सोय श्रीमंतांनाही स्वीकारावी लागली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत केलेल्या एका पाहणीत १ ते १.८ किलो वजनाच्या मुलांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिले गेले. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत, नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्या दर हजारी १५७ मुले दगावली, तर छातीशी दिलेल्यांतली १२०. वजाबाकी सोपी आहे: हजारी सदतीस जीव, आणि त्यासाठी लागणारे यंत्र प्रत्येक आईजवळ असते.

आमच्याच राज्यात याच जातीचे दुसरे उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्याच स्त्रियांना घरोघर जाऊन नवजात मुलांना उबदार ठेवण्याचे, स्तनपान साधून देण्याचे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देण्याचे शिक्षण दिले, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडले.

मला मुलगी छातीशी मिळाली ती पाचव्या दिवशी. तिच्या नाकात नळी, पायाला लाल दिव्याची चिमटी. सिस्टरने ती माझ्या गाऊनच्या आत ठेवून ओढणीने आम्हा दोघींना एकत्र बांधले. तिचे वजन मला जाणवलेच नाही. जाणवली ती तिची ऊब, आणि तीसुद्धा बहुधा माझीच परत आलेली होती. यजमान दुसऱ्या पाळीत सदरा काढून बसले तेव्हा सासूबाईंनी काचेतून पाहून मान फिरवली, पण आठवड्याभरात "आज तो किती वेळ बसला?" अशी चौकशी त्याच करू लागल्या.

५. पावणेदोन तोळे

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे एका तालात साधण्याची कला मुलाला चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास येते. तोवर दूध काढून नळीने, मग वाटी-चमच्याने, किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने द्यायचे. आरंभी दोन तासांनी दोन मिलिलिटर, म्हणजे अर्धा चहाचा चमचाही नाही. पहिल्या आठवड्यात वजन उलट घटते, शेकडा दहा-पंधरापर्यंत घटले तरी ते अपेक्षितच असते. मग किलोमागे रोज सुमारे पंधरा ग्रॅम वाढावे. माझ्या मुलीच्या बाबतीत हे वीस-एकवीस ग्रॅम होत, सोनाराच्या भाषेत पावणेदोन तोळे. आईचे दूध पुरेसे न उतरल्यास दुसऱ्या मातांचे दूध मिळू शकते. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. अशा पेढीतले दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेले असते. पेढी या शब्दाचा इतका निर्लोभ उपयोग माझ्या व्यवसायात मी कधी पाहिला नाही.

६. पूर ओसरल्यावर

सहा आठवड्यांनी, २ किलो ५० ग्रॅम वजनाची मुलगी घेऊन आम्ही घरी आलो. तिसाव्या दिवशीची डोळ्यांची तपासणी निर्वेध पार पडली होती. अकाली मुलांच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या भलत्या दिशेने वाढू शकतात, म्हणून ती कोणीही चुकवू नये. पेढे वाटले गेले. आणि नेमक्या त्याच सुमारास माझे मन बसले.

कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला हे नवीन वाटू नये. मातीची भिंत पुरात उभी असते. ती खचते पाणी ओसरल्यावर, उन्हे पडल्यावर. रुग्णालयात असता मी तीन-तीन तासांनी दूध काढले, वजने टिपली, एकदाही रडले नाही. अकाली मुले झोपेत कधीकधी श्वास घ्यायचे विसरतात, तेव्हा यंत्र ठणठणाट करते. त्यावर देतात ते औषध कॅफीन, कॉफीतलेच, हे ऐकून मुलांना कधी कॉफीचा घोट न देणारी माझी आई अवाक् झाली होती. घरी यंत्र नव्हते, म्हणून यंत्राचे काम मी पत्करले. रात्रीतून तीस-तीस वेळा मुलीच्या नाकाखाली बोट धरून पाहत असे. कुकरची शिटी झाली की छाती धडधडे. ती झोपली तरी मला झोप येईना. आणि सर्वांत लाजिरवाणे वाटले ते हे, की तिच्याकडे पाहून काहीच उमलत नसे. ही ठेव दुसऱ्या कोणाची आहे, सिस्टरांची असावी, आणि मुदत संपली की परत करायची आहे, असे वाटे.

येथे दोन अवस्थांतला भेद समजून घ्यावा. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अकारण रडू येणे, चिडणे, हळवे होणे हे बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला येते आणि दोन आठवड्यांत विरते. ते आभाळ भरून येण्यासारखे आहे. दोन आठवडे उलटूनही उदासी, निरुत्साह, अपराधीपणा, निद्रानाश हटत नसेल तर तो प्रसूत्युत्तर नैराश्याचा आजार होय. भारतातील अनेक पाहण्या एकत्र करून २०१७ साली काढलेला अंदाज असा, की तो शंभरांतल्या सुमारे बावीस मातांना होतो; अकाली मुलांच्या मातांना धोका अधिक. तिसरी अवस्था विरळा, हजारांत एक-दोघींची. तीत माता भलतेच काही पाहते-ऐकते, रात्ररात्र जागते, असंबद्ध बोलते. तिला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेण्यात जो वेळ जातो तो घातक ठरतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मापनाचे साधनही आहे. एडिंबरो येथे १९८७ साली तयार झालेल्या प्रश्नावलीत मागल्या सात दिवसांविषयी दहा साधे प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज तेरा किंवा अधिक झाली तर तज्ज्ञाने तपासावे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. तेथे शून्याखेरीज काहीही आले, तर बेरजेची वाट पाहायची नसते. माझी बेरीज सोळा झाली. दहाव्या प्रश्नापाशी मी पेन बराच वेळ धरून बसले आणि शेवटी एक लिहिला.

उपचार बोलण्याचा आणि औषधांचा. स्तनपान चालू असता घेता येतील अशी औषधे आहेत, ती डॉक्टर ठरवतात. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी दूरध्वनी-सेवाही निःशुल्क मिळते. मला सर्वांत उपयोगी पडले ते मानसोपचारतज्ज्ञ बाईंचे एक कोरडे विधान. नातलगांनी माझ्यावर ठेवलेले आरोप मी त्यांना वाचून दाखवले: ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, मार्चअखेरीच्या कामाला उशिरापर्यंत थांबले. त्या म्हणाल्या, "तुमच्या आजाराचं मूळ वार रुजतानाच पडलं होतं, तेव्हा तुम्हाला दिवस गेल्याचं जेमतेम कळलं असेल." आरोपपत्र तेथेच निकालात निघाले असे नाही, पण त्यावर तारीख चुकीची आहे, हे हिशेबनिसाला पटले.

७. दोन तारखा

अकाली मुलाला दोन वये असतात. जन्मतारखेचे वय लसींसाठी. आणि जितके आठवडे ते आधी आले तितके वजा करून येणारे सुधारित वय वाढीच्या मोजमापासाठी, साधारण दोन वर्षांपर्यंत. माझी मुलगी नऊ आठवडे आधी आली. जन्मून सव्वीस आठवडे झाले तेव्हा तिचे सुधारित वय सतरा आठवड्यांचे, म्हणजे चार महिन्यांचे. तेव्हा ती बसत का नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी चार महिन्यांचे मूल कधी बसलेले पाहिले आहे काय?

ही वजाबाकी कायदा मात्र करीत नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन रजा सव्वीस आठवड्यांची झाली, ती धावते कॅलेंडरावर. मूळ कायद्यात अकाली प्रसूतीमुळे उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्याची अधिक पगारी रजा होती. पण आजार मातेचा लागे, आणि त्याचा दाखला. माझ्यापाशी दाखला होता, त्यावर मानसोपचार विभागाचा शिक्का होता, आणि तो शिक्का बँकेच्या दफ्तरात कायमचा जाऊन पडावा की नाही यावर घरात तीन दिवस खल झाला. सासरे म्हणाले, बिनपगारी रजा घ्यावी. यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी अर्ज टंकलिखित करून आणला. मी सही केली. रजा मंजूर झाली.

त्याआधीची एक रात्र सांगायची राहिली. मुलगी रुग्णालयात होती म्हणून पाचवी, बारसे सारेच हुकले होते. पुढे, जी खरी प्रसूतीची तारीख ठरली होती तिच्यापासून मोजून सहाव्या रात्री, सासूबाईंनी कोणाला न विचारता पाट मांडला, समई लावली, आणि सटवाईने भाग्य लिहावे म्हणून कोरा कागद नि पेन ठेवले. सुधारित वय हा शब्द त्यांना कोणी शिकवला नव्हता. मी भिंतीला टेकून बसले होते, औषध सुरू होऊन आठवडा झाला होता, मुलगी मांडीवर होती. आई समोर बसली होती. एका स्वयंपाकघरात महिनाभर वावरून दोन्ही विहिणी एकमेकींशी तोलून-मापून बोलत. अचानक आई म्हणाली, "विहीणबाई, एक सांगायचं राहिलं. ही सातव्यातली नव्हे हो. आठव्याचे चार दिवस झाले होते."

सासूबाईंनी समईत तेल घातले, वात पुढे सारली.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याही घरी कालनिर्णय आहे."